गावापर्यंत सरकारी फायबर: भारतनेटवरचा खर्च योग्य आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थेट सांगा, भारतनेट बांधणं योग्य आहे की नाही?

योग्य आहे. गावापर्यंत फायबर नेणं हे सरकारचंच काम आहे आणि ते कधीच पुरं व्हायला हवं होतं. पण आजवर ज्या पद्धतीने पैसा खर्च झाला, ती पद्धत चुकीची होती. किती किलोमीटर केबल टाकली आणि किती पंचायती ‘जोडल्या’ याचे आकडे जाहीर होत राहिले. जोडलेली पंचायत आज, या क्षणी चालू आहे का, हा प्रश्न मागे पडला. खालच्या बहुतेक उत्तरांत मी याच मुद्द्याकडे पुन्हा येणार आहे, कारण खर्च वाया जातो की कामी येतो हे तिथेच ठरतं.

भारतनेट म्हणजे नेमकं काय?

देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर केबल, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाने इंटरनेट नेणारी तार, पोचवण्याची केंद्र सरकारची योजना. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली तेव्हा तिचं नाव ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होतं. तेव्हाचं उद्दिष्ट असं: सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस वेगाचं इंटरनेट, खर्च साधारण २०,००० कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षं. कामासाठी २०१२ मध्ये ‘भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड’ ही स्वतंत्र सरकारी कंपनी काढली. प्रत्यक्ष काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवर ग्रिड यांच्याकडे दिलं. २०१५ मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं.

खर्च नक्की किती? प्रत्येक बातमीत वेगळा आकडा असतो.

कारण आकडा खरोखरच बदलत गेला. २०११ मध्ये २०,००० कोटी. २०१७ मध्ये नव्या आखणीसह ४२,०६८ कोटी. २०२१ मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदारीने काम करण्यासाठी आणखी १९,०४१ कोटी मंजूर झाले आणि एकूण आकडा ६१,१०९ कोटींवर गेला. ते भागीदारीचं गाडं मात्र पुढे सरकलंच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सुधारित भारतनेट कार्यक्रम’ मंजूर झाला तो १,३९,५७९ कोटींचा.

शेवटचा आकडा पाहून छातीत धस्स होतं, म्हणून तो जरा फोडून पाहू. २.६४ लाख ग्रामपंचायतींत भागला तर पंचायतीमागे सुमारे ५३ लाख रुपये येतात. २०११ च्या जनगणनेतली ग्रामीण लोकसंख्या ८३ कोटींच्या वर आहे. तिने भागलं तर माणशी १,७०० च्या आत. यात दहा वर्षांची देखभालही धरलेली आहे, म्हणजे वर्षाला माणशी १७० रुपयेसुद्धा नाहीत. आपल्याकडचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्याला ५५,००० कोटींहून अधिक लागले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज १,०८,००० कोटींचा होता, लांबी ५०८ किलोमीटर. या दोन्ही प्रकल्पांना माझा विरोध नाही. पण ‘खेड्यातल्या इंटरनेटवर एवढा पैसा?’ असं विचारणाऱ्याने हे आकडे शेजारी ठेवून मग बोलावं.

हा पैसा येतो कुठून? आमच्या करातूनच ना?

थेट प्राप्तिकरातून नाही, पण तुमच्या रिचार्जमधून नक्की. टेलिकॉम कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या (ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नाच्या) ५ टक्के रक्कम सरकारला देतात. ग्रामीण भागात दूरसंचार सेवा पोचवण्यासाठी २००२ पासून हा निधी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ असं नाव दिलं. कंपनी ही रक्कम शेवटी ग्राहकाकडूनच वसूल करते. त्यामुळे पुण्यात किंवा ठाण्यात महिन्याचा रिचार्ज मारणारा माणूस गडचिरोलीतल्या केबलला काही पैसे देत असतो. मला यात काहीच गैर वाटत नाही. गडचिरोलीतला माणूसही रिचार्ज मारतो आणि त्याच दराने मारतो. सेवा मात्र त्याला अर्धवट मिळते.

मोबाइलवर इंटरनेट आहेच की! २०१६ पासून डेटा स्वस्त झाला. मग जमिनीत केबल पुरायची कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात रास्त प्रश्न. २०११ मध्ये योजना आखली तेव्हा खेड्यात इंटरनेट जवळपास नव्हतंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बाकीच्या कंपन्यांनी दर पाडले, आणि सरकारी केबल पोचायच्या आत गावातल्या पोरांच्या हातात फोरजी आलं. त्यामुळे भारतनेट जन्मतःच कालबाह्य झालं, असं म्हणणारे अनेक आहेत.

पण मोबाइलचा टॉवर हवेतून इंटरनेट निर्माण करत नाही. टॉवरलाही मागून पुरवठा लागतो. तो फायबरने आला तर टॉवर भरपूर देऊ शकतो. सूक्ष्मलहरींच्या डिशवरून आला तर तीच मर्यादित क्षमता सगळ्या गावात वाटली जाते. देशात अजून मोठ्या संख्येने टॉवर फायबरला जोडलेले नाहीत. संध्याकाळी सात-आठ वाजता चारही कांड्या भरलेल्या असूनही साधा व्हिडिओ का अडकतो, याचं एक मोठं कारण हेच. फाइव्हजी आल्यावर तर ही गरज आणखी वाढली. गावापर्यंत फायबर आलं तर त्याचा पहिला लाभ मोबाइल वापरणाऱ्यालाच मिळू शकतो, अट एवढीच की ती केबल कंपन्यांना भाड्याने मिळाली पाहिजे.

दुसरं असं, की फोन एका माणसासाठी ठीक आहे, संस्थेसाठी नाही. आरोग्य उपकेंद्रातून जिल्ह्याच्या डॉक्टरला व्हिडिओवर रुग्ण दाखवायचा आहे, शाळेत वीस मुलांनी एकाच वेळी काही पाहायचं आहे, ‘आपले सरकार’ केंद्रात दिवसभर दाखल्यांची कागदपत्रं चढवायची आहेत. ही कामं कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर चालवणं म्हणजे रोज नशिबाची परीक्षा. केंद्रचालकाने खिडकीबाहेर फोन धरून ई-केवायसी पूर्ण करणं आणि म्हाताऱ्या माणसाला ‘रेंज नाही, उद्या या’ म्हणून परत पाठवणं हे आजही चालू आहे. त्या माणसाची रोजंदारी बुडते. हा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गात डोंगरावर छप्पर उभारून ऑनलाइन तास करणाऱ्या मुलीची बातमी सगळ्यांनी वाचली. कौतुकही खूप झालं. मला ती बातमी वाचून संताप आला होता. योजना मंजूर होऊन तोवर नऊ वर्षं झाली होती.

हेच काम खासगी कंपन्यांनी का करू नये?

जिथे पैसे सुटतात तिथे त्या करतातच. तालुक्याच्या गावात आज दोन-तीन फायबरवाले सापडतात. पण केबल टाकण्याच्या खर्चात केबलची किंमत किरकोळ असते. खरा खर्च खोदाईचा, परवानग्यांचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा. सह्याद्रीच्या कातळात पंधरा किलोमीटर चर खणून पलीकडे दोनशे घरं असतील आणि त्यातली तीस घरं जोडणी घेणार असतील, तर कुठलीही कंपनी तिथे जाणार नाही. त्यात कंपनीचा दोषही नाही.

शिवाय एका गावाला तीन कंपन्यांनी तीन वेगवेगळे चर खणून तीन केबली नेण्यात कुणाचंच भलं नाही. केबल एकच असावी, सार्वजनिक मालकीची असावी आणि सगळ्यांना समान दराने भाड्याने मिळावी. गावातला केबलवाला, बीएसएनएल, मोठी मोबाइल कंपनी, कुणीही त्यावरून सेवा द्यावी. स्टॉकहोम शहराने १९९४ पासून हेच केलं आहे: नगरपालिकेची कंपनी नुसती फायबर पुरते आणि भाड्याने देते, ग्राहकांना सेवा देण्याचा धंदा इतर करतात. भारतनेटमध्येही केबल भाड्याने देण्याची सोय कागदावर पहिल्यापासून आहे. ती पुरेशी वापरली गेली नाही, कारण बंद पडणारी केबल भाड्याने घेणार कोण?

मग इतका उशीर का झाला? भ्रष्टाचार?

कुठे काय झालं याचा निवाडा करणं माझं काम नाही. पण भ्रष्टाचार शून्य असता तरी ही योजना रखडली असती, इतक्या चुका तिच्या आखणीतच होत्या.

पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजपासून निघालेली केबल एका पंचायतीतून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या अशी सरळ रेषेत नेली. मधला काही भाग बीएसएनएलची आधीच पुरलेली जुनी केबल वापरून भागवला. पैसे वाचले, पण दुसऱ्या गावाजवळ जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं अंधारात. आणि जेसीबी तर सतत चालू असतो. रस्ता रुंदीकरण, गटारं, आणि २०१९ नंतर जलजीवन मिशनची पाइपलाइन. या खात्याची केबल त्या खात्याला ठाऊक नसते. खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये एक ॲप काढलं. त्याआधीची बारा वर्षं हे सगळं अंदाजानेच चाललं.

मग वीज. फायबरमधून आलेलं इंटरनेट कार्यालयात वापरता यावं म्हणून तिथे जी पेटी बसवतात, तिला ओएनटी म्हणतात, तिला चोवीस तास वीज लागते. ग्रामीण भागातलं भारनियमन आपण जाणतोच. बॅटरी आणि काही ठिकाणी सौर पॅनेल दिले, पण बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते आणि ती बदलण्याचा खर्च कोणाचा, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. कार्यालय कुलूपबंद असलं तर दुरुस्तीवाला येऊनही परत जातो. मी पाहिलेल्या काही पंचायतींत ती पेटी कपाटावर धूळ खात होती आणि तिच्यातली पिन फोन चार्ज करायला वापरली जात होती. ग्रामसेवकाला दोष द्यावासा वाटत नाही. ती पेटी कशासाठी आहे, हेच त्याला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे केबल पंचायतीच्या दारात थांबली. पुढे शाळा, उपकेंद्र, घरं यांच्यापर्यंत ती कोण नेणार याचं उत्तर २०११ मध्ये ‘खासगी सेवादार येतील’ असं होतं. ते आले नाहीत. गावात पाण्याची टाकी बांधून तयार, पण एकाही घराला नळ नाही, अशी ही अवस्था होती. आज दोन लाखांहून अधिक पंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ म्हणून मोजल्या जातात आणि जवळपास सात लाख किलोमीटर केबल पडली आहे. त्या केबलवरून घरांत गेलेल्या जोडण्या मात्र २०२५ मध्येही बारा-तेरा लाखांच्या घरातच होत्या. पंचायतीमागे पाच-सहा घरं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात काय स्थिती आहे?

महाराष्ट्रात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पहिल्या टप्प्यातल्या पंचायतींचं काम बीएसएनएलकडे होतं. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःच्या हातात घेतलं, त्यात महाराष्ट्र होता. राज्याच्या महाआयटी कंपनीमार्फत साडेबारा हजारांच्या आसपास पंचायतींसाठी ‘महानेट’ उभारलं गेलं. त्यामुळे तुमच्या गावाची केबल बंद पडली तर आधी ती कोणाची, हे शोधावं लागतं. शेजारच्या दोन गावांची तक्रार दोन वेगळ्या दारांत जाऊ शकते.

मेळघाटातल्या हरिसालची आठवण इथे करायला हवी. २०१६ मध्ये ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभेत त्याच गावाचं चित्रण दाखवलं आणि सुविधा चालत नसल्याचं सांगितलं. त्यावर राजकारण भरपूर झालं. मला त्यातला धडा तांत्रिक वाटतो: उद्घाटनाच्या दिवशी चालणारी यंत्रणा तीन वर्षांनी चालावी यासाठी वेगळा पैसा, वेगळी माणसं लागतात, आणि ती आधीच ठरवावी लागतात.

गोवा लहान असल्याने त्याने भारतनेटच्या आधीच आपलं ‘गोवा ब्रॉडबँड नेटवर्क’ उभं केलं आणि सरकारी कार्यालयं व पंचायती जोडल्या. अंतरं कमी असली की हे काम किती सोपं होतं, ते तिथे दिसतं.

आता उपग्रहावरून इंटरनेट येतंय. केबलचा खर्च वायाच ना?

काही गावांसाठी उपग्रह हाच योग्य मार्ग आहे. भारतनेटमध्येही दुर्गम अशा काही हजार पंचायती उपग्रहानेच जोडायच्या ठरल्या. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या ‘स्टारलिंक’ या अमेरिकी कंपनीला २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं होती. नंदुरबारच्या अक्राणीसारख्या तालुक्यात पाड्यापाड्यांवर केबल नेत बसण्यापेक्षा हे बरंच.

पण उपग्रहाची क्षमता एका मोठ्या भूभागात वाटली जाते. गावात पाच घरं वापरत असताना जे मिळतं, ते पाचशे घरांत मिळत नाही. फायबरचं उलट आहे: एकदा पुरलेली काच पंचवीस-तीस वर्षं टिकते आणि क्षमता वाढवायची तर फक्त दोन टोकांची यंत्रं बदलावी लागतात. शिवाय सगळ्या राज्याचा ग्रामीण कारभार एका परदेशी कंपनीच्या दरपत्रकावर सोडणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

बाहेरच्या देशांत असे प्रयोग झाले का?

ऑस्ट्रेलियाचा अनुभव सगळ्यात शिकण्यासारखा आहे. एप्रिल २००९ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी ४३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली: ९० टक्के घरांत थेट फायबर, उरलेल्यांना वायरलेस आणि उपग्रह. २०१३ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने खर्च वाचवायला अनेक भागांत फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच न्यायचं आणि तिथून घरापर्यंत टेलिफोनची जुनी तांब्याची तार वापरायची ठरवलं. साडेएकोणतीस अब्जांत होईल म्हणाले. खर्च ५१ अब्जांच्या आसपास गेला, जुन्या तारेने वेग दिला नाही, आणि २०२० मध्ये त्याच पक्षांच्या सरकारला लाखो घरांची तांब्याची तार काढून फायबर टाकण्यासाठी नव्याने पैसे मंजूर करावे लागले. आपण पहिल्या टप्प्यात जुन्या केबलींवर भागवलं आणि आता दोन्ही बाजूंनी पुरवठा यावा म्हणून वळसा जोडतो आहोत, ती याच जातीची काटकसर.

घरच्या घरी केरळ आहे. तिथल्या के-फोन या राज्य सरकारच्या फायबर जाळ्याचं उद्घाटन ५ जून २०२३ ला झालं, खर्चाचा आकडा १,५४८ कोटी. त्यांनी जमीन खणण्याऐवजी वीज मंडळाचे खांब वापरले आणि दारिद्र्यरेषेखालच्या २० लाख कुटुंबांना मोफत जोडणीचं लक्ष्य ठेवलं. सुरुवात मात्र प्रत्येक विधानसभा मतदारसंघात १०० अशी १४,००० कुटुंबांपासून झाली, आणि गती त्यांनाही जड गेली. तरी घर हेच शेवटचं टोक मानायचं, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं.

ब्रॉडबँडने अर्थव्यवस्था वाढते हे सिद्ध झालंय का?

जागतिक बँकेच्या २००९ च्या अहवालातला एक आकडा सगळे तोंडपाठ म्हणतात: विकसनशील देशांत ब्रॉडबँडचा प्रसार १० टक्के बिंदूंनी वाढला की वाढीचा दर १.३८ टक्के बिंदूंनी वाढतो. मी या आकड्यावर योजना उभी करणार नाही. देशांची तुलना करून काढलेला तो संबंध आहे. श्रीमंत होणारे देश इंटरनेटही जास्त घेतात, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सुटं करणं अवघड. गावात केबल आली म्हणून कारखाना येत नाही. सातबारा, पीक विमा, रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन हे सगळं सरकारने स्वतः ऑनलाइन करून ठेवलं आहे, आणि माझ्या मते एवढं एक कारण पुरेसं आहे. हक्काची गोष्ट मिळण्याची वाट सरकारने एकच ठेवली असेल, तर ती वाट प्रत्येकाच्या दारापर्यंत नेणं त्याचं कर्तव्य ठरतं.

याच पैशात शाळा, दवाखाने झाले नसते का?

या निधीतून नाही. तो कायद्याने दूरसंचारासाठीच आहे. पण प्रश्न टाळायचा नाही. शिक्षक नसलेल्या शाळेत फायबर नेऊन शिक्षण होत नाही, हे मान्यच. दोन्ही हवं.

२०२३ च्या सुधारित कार्यक्रमात वेगळं काय आहे?

कागदावर बऱ्याच जुन्या चुका दुरुस्त केल्या आहेत. केबल वळशाने नेणार, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू राहील. ज्याने बांधलं त्यानेच दहा वर्षं सांभाळायचं आहे. पंचायतीपलीकडच्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची आहे आणि दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर न्यायचं लक्ष्य आहे. घरांची जोडणी गावातल्याच तरुण उद्योजकांमार्फत, उत्पन्नाचा वाटा देऊन करायची आहे. हा शेवटचा भाग मला सर्वांत आश्वासक वाटतो: तुटलेली तार जोडायला जिल्ह्याहून माणूस यायची वाट बघावी लागणार नाही, आणि जोडणी चालू राहण्यात त्या मुलाचं पोट असेल.

माझा आग्रह एकच आहे. ठेकेदाराचं देयक चालू तासांवर निघावं, आणि प्रत्येक पंचायत गेल्या महिन्यात किती तास चालू होती हे सगळ्यांना बघता यावं.

आमच्या गावात भारतनेट आहे का आणि चालू आहे का, हे कसं कळेल?

पंचायत कार्यालयात जाऊन ओएनटीची पेटी दाखवायला सांगा. दिवे लागलेत का ते बघा. मग ग्रामसभेत विचारा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सभा बहुतेक गावांत होतातच. विचारायचं ते असं: आपली जोडणी बीएसएनएलची की महानेटची? गेल्या सहा महिन्यांत किती दिवस बंद होती? बॅटरी कोण बदलतं? शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्र त्याला जोडलंय का, नसेल तर ठराव करून मागणी कधी पाठवायची? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

तिथे दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून हेच प्रश्न बीएसएनएल किंवा महाआयटीला विचारता येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘आमच्या गावात इंटरनेट का नाही’ असं मोघम लिहू नका. पंचायतीचं नाव, तालुका, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची बंद-चालू नोंद हवी, ते स्पष्ट लिहा.